जुन्या वस्तऱ्याला नवी मूठ

घडीच्या वस्तऱ्यात पाते आणि मूठ अशा दोनच गोष्टी असतात. पाते पोलादाचे. पुसून, तेल लावून ठेवले तर ते तीन-चार पिढ्या चालते. मूठ लाकडाची, शिंगाची, हाडाची किंवा सेल्युलॉइडची असते आणि तिला तेवढे आयुष्य नसते. ती तडकते, वाकते, तिला कीड लागते, तिची खीळ सैल होते. त्यामुळे घरातल्या जुन्या पेटीत किंवा न्हाव्याच्या धोकटीच्या तळाशी सापडणारा वस्तरा बहुधा पात्यापुरताच शाबूत असतो. त्याला नवी मूठ बसवणे हे दिसायला लहानसे सुतारकाम आहे. प्रत्यक्षात त्यात सुताराइतकेच सोनाराचे आणि लोहाराचेही काम येते.

पुढे वर्णन केलेले काम हरिहरेश्वरात, एका घराच्या पडवीत, ५/८ इंच रुंदीच्या एका जर्मन वस्तऱ्यावर झाले. श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव सावित्री नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून आहे. तिथला खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि २०२० च्या चक्रीवादळात आडव्या झालेल्या झाडांचे लाकूड, या तिन्ही गोष्टींचा कामाशी थेट संबंध आला. एक जोडी वाया गेली, दुसरी टिकली. दोन्हींचा हिशेब या वर्णनात आहे.

वस्तऱ्याची ओळख

पात्याच्या एका कडेला धार आणि दुसऱ्या, जाड कडेला पाठ असते. पाते पाजवताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. पात्याच्या मागे मान, मानेत आरपार भोक आणि तिच्या मागे वर वळलेले शेपूट. दाढी करताना करंगळी या शेपटावर टेकते. मूठ म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन पट्ट्या. एका टोकाला मानेतून जाणारी खीळ असते व तिच्यावर पाते फिरते. दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मधे एक पाचर आणि तिची स्वतंत्र खीळ असते. काही मुठींना मध्यभागी तिसरी खीळही आढळते. पट्ट्यांची खालची बाजू बंद नसते, मूठ वरून आणि खालून दोन्हीकडून उघडी असते. ही साधी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. ५/८ हा हाताला सोपा आणि सर्वाधिक आढळणारा आकार. ४/८ अरुंद, ६/८ आणि त्यापुढचे रुंद व वजनदार. आपल्याकडे सापडणारे जुने वस्तरे बहुतेक शेफील्ड किंवा झोलिंगेन या दोन गावांतून आलेले असतात. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची रीत बसवली. पुढे जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर, जॉर्ज वोस्टनहोम अशा पेढ्यांची पाती जगभर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतले झोलिंगेन पुढे आले. तिथल्या कारागिरांनी पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून ते इतके पातळ केले की नखाने टिचकी मारली तर नाद येतो. १८८७ मध्ये ब्रिटनने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्यासंबंधी कायदा केला. त्यामुळे मानेवर जर्मनीचे नाव ठोकलेले असेल तर तो वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा.

१९०४ मध्ये किंग कॅम्प जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि घरोघरचा वस्तरा हळूहळू पेटीत गेला. न्हाव्याच्या हातात तो पुढेही बरीच दशके राहिला. रक्तातून पसरणाऱ्या आजारांची, विशेषतः एचआयव्हीची, जाणीव वाढली तशी अर्धे ब्लेड घालायच्या वस्तऱ्याने त्याची जागा घेतली. तोवर वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, वाटी, आरसा, पथरी आणि चामड्याचा पट्टा एवढी सामग्री धोकटीत मावे, आणि गावगाड्यातला एक बलुतेदार तिच्यावर घर चालवी. संत सेना महाराजांनी याच हत्यारांना आपल्या अभंगात परमार्थाची रूपके केले. त्याच हत्याराचा नकाराचा इतिहासही आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलायचा नाही असे ठरवले. हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. लोक तिथे दर्शनाला येतात तसे पितरांच्या कार्यालाही येतात, आणि तीर्थविधीत क्षौर आलेच. ओले हात, खारा वारा आणि दिवसभराचा वापर यांत मुठीची काय अवस्था होते, हे अशा तीर्थक्षेत्री लवकर कळते.

मूठ बदलावी की ठेवावी

पहिला निर्णय जुन्या मुठीबद्दलचा असतो. जुनी मूठ अखंड असेल, पाते दोन पट्ट्यांच्या मधोमध मिटत असेल आणि फक्त खीळ सैल असेल, तर नवी मूठ करू नये. हलक्या हातोडीचे दहा-बारा टोले पुरतात. मूठ तडकलेली, किडलेली किंवा पाते एका बाजूला घासण्याइतकी वाकलेली असेल तरच ती काढावी.

सेल्युलॉइडची मूठ याला अपवाद आहे. ती दिसायला चांगली असली तरी काढावी लागू शकते. सेल्युलॉइड हस्तिदंती, काळ्या किंवा कासवाच्या पाठीसारख्या पिंगट रंगात मिळते आणि बोटाने जोरात चोळले तर कापराचा वास देते, कारण त्यात कापूर असतोच. जुने झाल्यावर ते आतून विघटित होते आणि त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते. मिटलेल्या वस्तऱ्यात ती वाफ पात्यावरच बसते. पाठ स्वच्छ पण मुठीत राहणारा भाग गंजाने खाल्लेला, अशी पात्याची स्थिती असेल तर दोष मुठीचा असतो. प्रस्तुत वस्तऱ्यात हेच झाले होते. अशी मूठ जपून ठेवायचीच असेल तर पात्यापासून दूर, वेगळ्या कागदात ठेवावी. सेल्युलॉइड झटकन पेट घेते. त्यावर तापणारे ड्रिल किंवा ठिणग्या उडवणारे चाक कधीही चालवू नये.

जुनी मूठ सोडवणे

काम सुरू करण्याआधी धारेवर जाड कागदाची घडी बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. बोथट दिसणारा जुना वस्तराही बोट कापतो, आणि या कामातल्या जखमा बहुतेक धार उघडी ठेवल्याने होतात.

नंतर मुठीचा आकार कागदावर उतरवून घ्यावा. मूठ तुटकी असली तरी दोन खिळींमधले अंतर मोजून लिहावे. खिळीचे डोके बारीक कानशीने घासत जावे. डोके सपाट झाले की त्याखालचा लहान वायसर आपोआप सुटतो. मग पट्टीला खालून लाकडाचा आधार देऊन खिळीच्या व्यासापेक्षा बारीक सुंब्याने खीळ बाहेर ठोकावी. घाईने ड्रिल लावल्यास ते पितळावरून घसरून पोलादावर ओरखडा काढते. जुन्या इंग्रजी वस्तऱ्यांत पाचर शिशाची असते. ती घासू नये. शिशाची पूड विषारी आहे. ती पाचर तशीच काढून बाजूला ठेवावी आणि हात धुवावेत.

मूठ निघाल्यावर मानेच्या दोन्ही अंगांचा गंज पहिल्यांदा नजरेस पडतो. तिथे साबणाचे पाणी वर्षानुवर्षे साचलेले असते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर काळ्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली दिसतात. भरतीच्या लाटा आणि खडकात मुरून सुकणारे मीठ यांनी ती कोरली आहेत. जे मीठ पाषाण खाते ते पोलाद सोडत नाही. मानेभोवतीचा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपर यांनी, आधी ६०० मग १००० आणि शेवटी १५०० नंबरचा कागद वापरून, पात्याच्या लांबीच्या दिशेने उतरवावा. कारखान्याची ठोकलेली अक्षरे शक्यतो सांभाळावीत. घासून आरसा केलेल्या पात्याचा इतिहास त्या घासण्यातच पुसला जातो. खोलवर गेलेले काळे डाग राहिले तर राहू द्यावेत. धारेला लागून भोके असतील तर मात्र त्या पात्यावर पुढे कष्ट करण्यात अर्थ नाही.

मोटरच्या चाकावर पाते धरण्याचा मोह टाळावा. वस्तऱ्याच्या पोलादाचा कडकपणा साधारण दोनशे अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापाने बेतलेला असतो. पातळ पाते चाकावर काही सेकंदांत त्यापलीकडे तापते आणि एकदा निळी झाक चढली की ते पाणी परत येत नाही. शिवाय कापडी चाक धार पकडते आणि पाते भिरकावून देते.

कशाची करावी

मुठीसाठी जिन्नस निवडताना कायदा आधी पाहावा. जुन्या युरोपीय वस्तऱ्यांवर हस्तिदंत आणि समुद्री कासवाची पाठ वापरलेली दिसते. आपल्याकडे गव्याचे आणि सांबराचे शिंगही कामात येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या सर्वांचा व्यापार आज बंद आहे. हरिहरेश्वरहून सावित्रीच्या पलीकडे गेले की वेळास गाव लागते. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याच्या कामामुळे ते देशभर माहीत झाले. त्या किनाऱ्याच्या शेजारी बसून कासवाच्या पाठीची मूठ करण्याची कल्पनाही सुचू नये. शिंगच हवे असेल तर म्हशीचे घ्यावे. दक्षिण कोकणात सावंतवाडी, विजयदुर्ग भागात शिंगकामाची जुनी परंपरा आहे. म्हशीचे शिंग वस्तऱ्याला उत्तम. ते लवचिक असते, तापवले की वाकते, घासले की काळेभोर चमकते. मात्र घासताना जळक्या केसांसारखा वास येतो आणि त्याची पूड छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर फडके किंवा मास्क लागतो. शिंगाला किडेही लागतात.

लाकूड निवडताना हाताशी काय आहे हे पाहणे शहाणपणाचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या माड-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आंबे, फणस उन्मळून पडले. वाडी पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. पडलेल्या झाडांचे लाकूड मात्र ओंडक्यांच्या राशींनी साठले, त्यातले बरेच जळणात गेले. दीड वीत लांब आणि दोन बोटे रुंद फळी कोणत्याही राशीत मिळते, आणि वस्तऱ्याच्या मुठीला त्याहून जास्त लागत नाही.

फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडाने पिकून तपकिरी होते. करवतीला सोपे, पॉलिशला चांगले. त्याचा गाभाच घ्यावा. बाहेरचे पांढरे लाकूड भुंगा खातो. आंब्याचे लाकूड सहज मिळते, पण दमटपणात काळे पडते आणि किडीला लवकर बळी जाते. शिसव सर्वांत भरवशाचे: घट्ट, तेलकट, न वाकणारे, जुन्या फर्निचरचा मोडका पाय मिळाला तरी चार मुठी निघतात. माडाचे लाकूड वेगळ्याच जातीचे. माडाला आंब्या-फणसासारखी वर्षाची वलये नसतात. फिकट गरात गडद तंतूंच्या जुड्या उभ्या रोवलेल्या असतात. खोडाचा बाहेरचा भाग दगडासारखा आणि गाभा भुसभुशीत. मुठीला जुन्या माडाच्या बुंध्याकडची, सालीलगतची चार बोटेच उपयोगी. ते लाकूड करवतीची धार लवकर मारते, त्याचे तंतू सुटून बोटात घुसतात, पण तासून घासल्यावर काळ्या-तांबूस रेघांचे जे रूप येते ते दुसऱ्या कशात नाही.

कोणतेही लाकूड असो, ते वाळलेले हवे. कोकणी घरात लाकूड पोटमाळ्यावर टाकण्याची रीत आहे. खालच्या चुलीची ऊब आणि धूर त्याला वाळवतो आणि कीडही आवरतो. या कामातले माडाचे तुकडे दोन पावसाळे असे माळ्यावर होते. फणसाची फळी त्या मानाने कच्ची होती, आणि पहिली जोडी तिचीच केली गेली.

आकार ठरवणे

मुठीचा आकार डोळ्यांना बरा दिसतो म्हणून निवडला तर फसतो. तो पात्यावरून काढावा लागतो. प्रस्तुत पात्याची धार ७५ मिलिमीटर आणि मानेतल्या भोकापासून धारेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर ३५ मिलिमीटर होते. म्हणजे मिटल्यावर पात्याचे टोक खिळीपासून ११० मिलिमीटरवर येणार. त्यापुढे सात-आठ मिलिमीटर मोकळी जागा, मग पाचर, मग मुठीचे टोक. अशी एकूण लांबी १५० मिलिमीटरच्या आसपास गेली. पाचर पुढे सरकली तर पात्याचे टोक मिटताना तिच्यावर आपटते आणि धारेचा कोपरा तुटतो.

रुंदीचा हिशेब असा. ५/८ इंच म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. मिटलेल्या वस्तऱ्याची पाठ तीन-चार मिलिमीटर वर दिसली पाहिजे, नाहीतर ओल्या बोटांनी तो उघडता येत नाही. खाली धार मुठीच्या कडेपासून निदान तीन मिलिमीटर आत राहिली पाहिजे. या दोन अटींतून मुठीची मधली रुंदी १५-१६ मिलिमीटर निघते. टोकांकडे ती निमुळती करता येते.

हे सगळे आधी कागदावर करून पाहावे. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी छान. त्याच्या दोन पट्ट्या कापून, टाचणीने मानेच्या भोकात अडकवून, पाते उघडून-मिटून बघावे. कुठे टोक अडते, कुठे धार डोकावते ते पत्रिकेवर पाच मिनिटांत समजते. लाकडावर तेच समजायला दोन दिवस जातात.

कापणे, भोके पाडणे, घासणे

फळीचे चार-पाच मिलिमीटर जाडीचे दोन पातळ तुकडे काढावेत. शक्य तर ते एकाच तुकड्याचे उभे दोन भाग असावेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना जुळतात आणि लाकूड वाकले तरी दोन्हीकडे सारखे वाकते. लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीत सरळ गेले पाहिजेत. तंतू तिरके गेले की खिळीपाशी चीर ठरलेली. दोन्ही तुकडे दुहेरी चिकटपट्टीने एकमेकांवर चिकटवून एकच तुकडा असल्यासारखे पुढचे काम करावे.

भोके आकार कापण्यापूर्वी पाडावीत. चौकोनी तुकडा शिकंजात सरळ बसतो आणि भोक काटकोनात पडते. भोक तिरपे गेले तर पाते कायम एका पट्टीकडे कलते आणि हा दोष पुढे कशानेही जात नाही. खिळीसाठी १.६ मिलिमीटर जाडीची पितळी तार घेतली तर भोकही तेवढेच. भोकाच्या खाली दुसरे लाकूड धरावे, म्हणजे बाहेर पडताना तंतू फाटत नाहीत. फणसाच्या पहिल्या जोडीत खिळीचे भोक टोकापासून पाचच मिलिमीटरवर ठेवले होते आणि शेवटच्या ठोकाठोकीत तिथे केसाएवढी चीर गेली. माडाच्या जोडीत ते आठ मिलिमीटर आत घेतले.

आकार कापायला सोनाराची जाळीकामाची आरी सर्वांत बरी. तिने वळण मनासारखे घेता येते. रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर सोडून कापावे आणि उरलेले कानशीने आणावे. मग पट्ट्या सुट्या करून प्रत्येकीची जाडी अडीच-तीन मिलिमीटरवर आणावी, टोकांकडे किंचित कमी. जाड मूठ मजबूत वाटते, पण ती वस्तऱ्याचा तोल बिघडवते. वस्तरा उघडा धरल्यावर वजन मानेच्या आसपास जाणवले पाहिजे. मूठ जड झाली तर ती हाताला मागे ओढते आणि पात्यावरचा ताबा जातो.

पट्ट्यांची आतली बाजू जोडणीपूर्वीच पूर्ण करावी. बाहेरची बाजू नंतरही घासता येते. आत एकदा पाचर बसली की बोट जात नाही, आणि पाणी नेमके तिथेच साचते. आतला कोरा भाग पावसाळ्यात बुरशीने काळा होतो. हा धडा बहुतेकांना पहिल्या मुठीवरच मिळतो.

तेल आणि लाख

घासून झालेल्या लाकडाला पाण्यापासून वाचवणारा थर हवा. अळशीचे उकळलेले तेल चार-पाच हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस वाळवण, ही सर्वांत साधी रीत. लाकडाचा रंग उजळतो आणि मूठ ओल्या हातातून निसटत नाही. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकू नयेत. अळशीचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे. लाखेचे पॉलिश अधिक चमकते, पण गरम पाणी आणि साबण यांपुढे पांढरे पडते. दाढीच्या वस्तऱ्याला ते गौण. माडाच्या लाकडात तंतूंच्या मधे बारीक छिद्रे असतात. ती आधी पातळ सुपर ग्लूने भरून, घासून, मग तेल दिले तर पृष्ठभाग काचेसारखा येतो. खोबरेल हाताशी असले तरी इथे उपयोगी नाही, कारण ते सुकून थर धरत नाही.

पाचर

पाचर नखाएवढी असते आणि मुठीचे सारे वागणे तिच्या हाती असते. मानेपाशी दोन पट्ट्यांमधले अंतर मानेच्या जाडीइतके, सुमारे पाच-साडेपाच मिलिमीटर असते. पाचरेपाशी ते अडीच-तीनवर आले पाहिजे. म्हणजे पट्ट्या मागे जाताना एकमेकींकडे येतात. त्यामुळे मिटताना पात्याची जाड पाठ पट्ट्यांच्या कडांवर अलगद अडते आणि धार अधांतरी राहते. पाचर जाड झाली तर पाठीला अडवणारे काही उरत नाही. मूठ खालून उघडी असल्याने पाते पट्ट्यांमधून उतरते आणि धार खालच्या बाजूने बाहेर डोकावते. पहिल्या जोडीत पाचर पाच मिलिमीटरची केली होती. पट्ट्या समांतर दिसत होत्या, देखण्याही होत्या, आणि बंद वस्तरा हातात धरणे धोक्याचे झाले होते.

पाचरेची आतली, पात्याकडची बाजू बाहेरच्या टोकापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड ठेवावी, म्हणजे पट्ट्यांच्या उतारात ती फट न ठेवता बसते. शिंग, हाड, पितळ काहीही चालते. या कामात करवंटी वापरली गेली. मुठीच्या लांबीला करवंटीचा बाक आडवा येतो, पण वीस मिलिमीटरच्या तुकड्यात तो घासून निघतो. तिचा काळसर रंग माडाच्या रेघांना मिळताजुळता असतो आणि पाण्याने ती सहसा फुगत नाही.

खीळ मारणे

शेवटची जोडणी दहा मिनिटांची असते आणि आधीच्या आठवड्याचे काम तीच तारते किंवा मारते. पितळी तार आधी तापवून लाल करून थंड करावी. मऊ तार टोल्याने फुलते, कडक तार वाकते. पाचरेची खीळ आधी मारावी, मानेची नंतर. मानेच्या दोन्ही अंगांना, पट्टीच्या आत, पातळ पितळी वायसर घालावेत. त्यांच्यामुळे पोलाद लाकडाला घासत नाही. बाहेरच्या बाजूला लहान घुमटाकार वायसर. त्याच्या वर तार पाऊण ते एक मिलिमीटर उरली पाहिजे. कमी उरली तर डोके धरत नाही, जास्त उरली तर डोके बसण्याऐवजी तार भोकातच वाकते.

खालचे डोके ऐरणीवर टेकवून वरचे डोके अगदी लहान, गोल तोंडाच्या हातोडीने ठोकावे. टोले नाडीच्या ठोक्यासारखे हलके. जोर लावून मारलेला एक टोला लाकूड फोडतो. चार-पाच टोल्यांनंतर वस्तरा उलटा करून दुसऱ्या बाजूने तेवढेच टोले द्यावेत, म्हणजे दोन्ही डोकी सारखी फुलतात. मधूनमधून पाते उघडून-मिटून पाहावे. खीळ योग्य घट्ट झाली की अर्धवट उघडलेले पाते स्वतःहून पडत नाही आणि बोटाने ढकलले तर अडखळत नाही. त्याआधी थांबावे. घट्ट करायला आणखी दोन टोले केव्हाही देता येतात. जास्त घट्ट झालेली खीळ कानशीने कापून पुन्हा पहिल्यापासून मारावी लागते.

खिळीला किंवा पाचरेला गोंद लावू नये. ज्याने ही मूठ केली त्याच्यानंतर कोणीतरी ती पुन्हा उघडणार आहे: गंज काढायला, पाचर बदलायला, किंवा आणखी नवी मूठ बसवायला. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराने नुसती पितळी खीळ मारली होती म्हणूनच हे पाते आज सोडवता आले.

ऋतू आणि वस्तरा

फणसाची पहिली जोडी श्रावणात झाली होती. बाहेर पाऊस, हवेत ओल, लाकूडही ओल धरून फुगलेले. ती जोडी तेव्हा नीट बसली. पौषात कोरडी हवा सुटली तशी एक पट्टी आत वाकली आणि पाते मिटताना तिला घासू लागले. जाड पाचर आणि खिळीपाशी गेलेली चीर हे दोष होतेच. त्यांत या तिसऱ्याची भर पडली आणि जोडी मोडीत काढावी लागली. माडाची दुसरी जोडी माघात केली. कोकण किनाऱ्यावर लाकडाचे बारीक मापाचे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवणे सोयीचे पडते.

पाजवण्याचे काम मूठ बसल्यावर करावे, कारण जोडणीत धारेला काही ना काही लागतेच. बारीक दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, बिनजोराचे फेरे द्यावेत. मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून पन्नासेक फेरे. असा वस्तरा एकाच माणसाने वापरावा. जुन्या पात्याच्या गंजल्या खाचा घरी पुरत्या निर्जंतुक होत नाहीत, त्यामुळे तो दुसऱ्याच्या गालाला लावू नये.

किनाऱ्यावर वस्तरा सांभाळण्याचे नियम थोडे आहेत. वापरानंतर पाते आणि मुठीची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसावी, रात्रभर उघडे ठेवून सुकू द्यावे, मग पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवून मिटावे. चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, चामडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. नव्या मुठीचा पहिला पावसाळा गेला की आश्विनात खीळ तपासावी. सैल झाली असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हलके टोले पुरतात.